ओळखीचा चेहरा

घरात जुना ग्रुप फोटो असेल तर तो उलटा धरून बघा. खुर्च्या उलट्या झाल्या तरी खुर्च्याच राहतात; चेहरे मात्र एकदम परके होतात. रॉबर्ट यिन यांनी १९६९ मध्ये हे प्रयोगाने दाखवलं. उलटं चित्र ओळखताना अडचण सगळीकडेच येते, पण घरं किंवा विमानं ओळखण्यापेक्षा चेहरे ओळखताना ती कितीतरी जास्त येते. आपण चेहरा नाक, डोळे, ओठ असा सुटा सुटा वाचत नाही. डोळ्यांमधलं अंतर, गालांची ठेवण, हनुवटीचा उतार, सगळं एका दमात नजरेत भरतं.

त्यातही भुवयांचा मान मोठा. पवन सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये नामवंतांच्या छायाचित्रांतून एकदा डोळे पुसले, एकदा भुवया. भुवया नसताना ओळख पटणं अधिक जड गेलं! मला ते लगेच पटलं. माझ्या आईच्या डाव्या भुवईला टोकाशी एक खंड आहे, लहानपणी उंबऱ्यावर पडल्याची खूण. ती रागावली की शब्दांच्या आधी तेवढीच बाजू वर जाते. आईचं चित्र काढायला बसले तर माझी पेन्सिल तिथेच टेकेल.

याहून मनात घर करून राहिलाय तो २०११ चा एक प्रयोग. नेदरलँड्समधल्या दोन प्रसिद्ध स्त्रियांची प्रत्येकी २० छायाचित्रं एकत्र मिसळून ब्रिटनमधल्या लोकांना दिली आणि माणसांप्रमाणे गठ्ठे करायला सांगितलं. त्यांचे साधारण सात-आठ गठ्ठे झाले. त्या दोघींना ओळखणाऱ्या डच लोकांनी मात्र जवळजवळ बिनचूक दोनच केले. म्हणजे आपण ज्याला ‘एक चेहरा’ म्हणतो तो मुळात एक नसतोच. तापातला, हसरा, झोपेतून उठलेला, दाढी वाढलेला, असे शेकडो चेहरे सहवासाने एकत्र बांधले जातात, तेव्हा कुठे एक माणूस तयार होतो.

काहींना मात्र कितीही सहवास लाभला तरी हे बांधता येत नाही. नजर स्वच्छ, बुद्धी तल्लख, तरी चेहरा लागत नाही. योआखिम बोडामर या जर्मन डॉक्टरांनी १९४७ मध्ये या अवस्थेला प्रोसोपॅग्नोसिया हे नाव दिलं. मेंदूच्या आजारांवर इतकं सुंदर लिहिणारे ऑलिव्हर सॅक्स स्वतः त्यातलेच. आरशातल्या स्वतःच्या प्रतिबिंबाला दुसरा कुणी समजून त्यांनी माफी मागितली होती. अशी माणसं आवाजावरून, चालीवरून, केसांवरून ओळख जुळवतात. केस कापले की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

आपण त्यांना शिष्ट ठरवून मोकळे होतो. लग्नाच्या मांडवात गाठून, चार माणसांदेखत विचारतो, “ओळखलंस का? सांग बघू मी कोण!” हे कौतुकाने विचारलेलं असतं, हे खरं. पण समोरचा आतून किती कासावीस होत असेल! कृपा करून ही परीक्षा घेऊ नका. भेटल्या भेटल्या आपलं नाव आणि गाव आधी सांगून टाका.