रक्त काढण्यापूर्वी

गेल्या महिन्यात माझे एक जुने रुग्ण मुलासह दवाखान्यात आले. निवृत्त मुख्याध्यापक, वय ७६. मुलाच्या हातात आरोग्य तपासणीच्या पॅकेजची यादी होती. त्यातील प्रोस्टेटच्या कर्करोगासाठीची पीएसए चाचणी करावी का, एवढेच त्याला विचारायचे होते. ‘‘रक्तच तर द्यायचे आहे. बाबांना त्रास तो काय होणार?’’

त्रास सुईचा नसतो. तो आकडा हाती आल्यावर सुरू होतो. पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारे प्रथिन. कर्करोगात त्याचे रक्तातील प्रमाण वाढते, तसेच ते वयोमानाने ग्रंथी मोठी झाली किंवा जंतुसंसर्ग झाला तरीही वाढते. वाढलेला आकडा पाहून स्वस्थ बसणे कोणत्याही कुटुंबाला जमत नाही. मग एमआरआय, मग बायॉप्सी. आणि तीत कधी असा कर्करोग सापडतो, जो त्या माणसाला हयातभर उपद्रव देणारच नव्हता. शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार झाल्यास लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता जाण्याचा संभव असतो. सौम्य रोगावर उपचार न करता नियमित लक्ष ठेवणे आता शास्त्रमान्य आहे खरे. पण घरात ‘कॅन्सर’ हा शब्द शिरल्यावर तेवढा धीर किती जणांजवळ उरतो?

लाभही खोटा नाही. युरोपातील आठ देशांत ५५ ते ६९ वयाच्या पुरुषांवर झालेल्या अभ्यासाचे २३ वर्षांचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. चाचणीसाठी बोलावलेल्या ४५६ पुरुषांमागे या रोगाने होणारा एक मृत्यू टळला. मात्र हा लाभ पदरी पडायला बरीच वर्षे जावी लागतात.

लघवीतून रक्त, लघवी अडणे, हाडांचे दुखणे यांपैकी त्यांना काहीही नव्हते. असते तर हा ऊहापोह न करता मी तपासण्या लिहून दिल्या असत्या. ‘‘सर, आपल्या वयात ही चाचणी मी सुचवणार नाही,’’ मी म्हणालो.

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले. ‘‘डॉक्टर, आपण स्वतः करून घेतली आहे का?’’

घेतली आहे. माझ्या वडिलांची कंबरदुखी आम्ही, म्हणजे मुख्यतः मीच, वयावर ढकलली होती. निदान झाले तेव्हा रोग मणक्यांत पोहोचला होता. वडिलांना किंवा भावाला हा रोग झालेल्यांना धोका सुमारे दुप्पट असतो. पन्नाशी गाठताच मी चाचणी केली. अहवाल येईपर्यंतचे दोन दिवस घरात कोणाशी धड बोललो नाही. आकडा ठीक निघाला. तो वाढलेला असता तर काय करायचे, हे मात्र मी पत्नीशी बोलून आधीच ठरवले होते. हे सारे मी त्यांना सांगितले.

त्यांनी मुलाच्या हातून यादी घेतली, खिशातले पेन काढले आणि वही तपासावी तशी त्या ओळीवर काट मारली. मग रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्याचे सांगू लागले.