ताप उतरला, दादा उठेना

मे २०२१. कोल्हापुरात कोरोनाची दुसरी लाट जोरात होती. दादा दहा दिवस दवाखान्यात काढून घरी आला. रिपोर्टात सीआरपी भरपूर वाढलेला. तेव्हा घराघरात हा आकडा क्रिकेटच्या स्कोअरसारखा विचारला जायचा. आकडा उतरला, ऑक्सिजन सुधारला, वहिनींनी दृष्ट काढली. आम्हाला वाटलं, सुटलो.

दादाचं शिवाजी उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप. पहाटे गंगावेशीत धारोष्ण दूध पिणारा, रविवारी तांबड्या-पांढऱ्याशिवाय न जेवणारा गडी. तो दोन महिने वर्कशॉपकडे फिरकला नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. जुलैत पंचगंगेनं ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली, गल्लीतली पोरंसोरं पाणी बघायला धावली. ह्यानं मानही वळवली नाही.

शेजारी म्हणाले, "सोंग हाय." मी तर तोंडावर बोललो, "दादा, ताप गेला की. आता कसली नाटकं?"

तो एवढंच म्हणाला, "मनातनं उठावंसंच वाटंना रं."

शेवटी वहिनींनीच त्याला मानसोपचार तज्ज्ञांकडे नेलं. तिथं मला पहिल्यांदा कळलं, की प्रतिकारशक्ती आणि मन ही वेगळी खाती नाहीत.

शरीरात जंतू शिरला की प्रतिकार करणाऱ्या पेशी सायटोकाइन नावाची रसायनं सोडतात. त्यांचा निरोप मेंदूपर्यंत जातो. मग भूक मरते, झोप येते, माणसं नकोशी वाटतात. तापात हे फायद्याचंच, कारण शरीराची ताकद लढाईसाठी राखली जाते. पण हा निरोप लांबला, तर काही जणांत त्याचं नैराश्य होतं. पूर्वी हेपटायटिस सी वर इंटरफेरॉनची इंजेक्शनं देत. ते प्रतिकारशक्तीला चेतवणारं औषध. त्यानं बऱ्याच रुग्णांना नैराश्य यायचं. इटलीत मिलानच्या डॉक्टरांनी २०२० मध्ये कोरोनातून उठलेले ४०२ जण महिनाभरानं तपासले. ३१ टक्के लोकांत नैराश्याची लक्षणं होती. आजारपणात ज्यांच्या रक्तात दाह जास्त होता, त्यांच्यात ती जास्त दिसली.

आता ह्याचा अर्थ असा नाही, की प्रत्येक उदासी रक्तातून येते. कर्ज, बंद पडलेला धंदा, जवळच्यांचे मृत्यू हेही तेव्हा होतंच. दाह कमी करणारं औषध दिलं की नैराश्य गेलं, असंही नाही. अमेरिकेत इन्फ्लिक्सिमॅब हे औषध तसं वापरून पाहिलं. २०१३ मध्ये निकाल आला: सरसकट उपयोग नाही, फक्त सीआरपी जास्त असलेल्यांना फायदा दिसला. म्हणजे नैराश्याच्या वाटा अनेक आहेत, त्यातली एक इथून जाते. तेव्हा कृपा करून कुणी मनानं स्टेरॉइड नाहीतर 'इम्युनिटी बूस्टर' घेऊ नका. चालू गोळ्याही बंद करू नका.

माझं म्हणणं साधं आहे. कोरोना असो, डेंगी असो, चिकुनगुनिया असो, डिस्चार्ज कार्डावर ताप, बीपी, ऑक्सिजन सगळं लिहितात. पंधरा-वीस दिवसांनी परत तपासायला बोलावतात, तेव्हा दोन प्रश्न वाढवा: मन उदास असतं का? आवडीची कामं करावीशी वाटतात का? ह्याला मशीन लागत नाही, खर्च नाही. मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्यावं, असं २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो. मग तपासणीतच हा दुजाभाव कशाला?

घरच्यांनीही लक्ष ठेवा. आजार बरा झाल्यावरही दोन आठवडे माणूस विझल्यासारखा वाटला तर डॉक्टरांना सांगा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

दादा आता बरा आहे. औषधाला आणि वहिनींच्या चिकाटीला सहा-सात महिने लागले. लेथ परत सुरू झाली. त्या 'नाटकं' शब्दाबद्दल तो कधी बोलला नाही, आणि मीही माफी मागितली नाही. ही पोस्ट आज त्याला वाचायला देणार आहे.