चिठ्ठी टाकणारा सर्जन

मरणाच्या दारात असलेल्या पेशंटला कुठलं औषध द्यायचं हे चिठ्ठी टाकून ठरवणारा डॉक्टर मला एकेकाळी डॉक्टरच वाटत नसे. मी सर्जन. अपघातात पोट फाटलेले, रक्त वाहून पांढरेफटक पडलेले पेशंट ऑपरेट करायचे आणि नंतर आयसीयूतही त्यांच्या उशाशी राहायचं, हे माझं काम. आपल्याकडे असे सर्जन थोडे. आयसीयू हा बहुतेक ठिकाणी भूलतज्ज्ञांचा, नाहीतर फिजिशियनचा प्रांत. सर्जन राउंडला येतो, ड्रेन बघतो आणि जातो. मी मात्र तिथेच रमलो. रात्री-बेरात्री घेतलेल्या निर्णयांतून जे शहाणपण येतं तेच आमचं शास्त्र, अशी माझी पक्की समजूत होती. 'डॉक्टरांच्या हाताला गुण आहे' असं नातेवाईक म्हणत आणि, खोटं कशाला बोलू, ते ऐकायला बरं वाटे.

संशोधन म्हणजे काय, हे मी रेसिडेंट असल्यापासून बघत आलो होतो. थिसिससाठी पन्नास-साठ केसेस, त्यातल्या बऱ्याचशा जुन्या फायलींतून काढलेल्या. पुढे प्रमोशनसाठी पेपर, आणि त्यावर युनिटमधल्या झाडून सगळ्यांची नावं. या प्रकाराबद्दलचं माझं मत आजही तेच आहे. बदललं ते चिठ्ठीबद्दलचं.

त्याला निमित्त झालं डोक्याला मार लागलेल्या पेशंटना देत असलेलं स्टिरॉइड. मेंदूला सूज येते, स्टिरॉइड सूज उतरवतं, म्हणून स्टिरॉइड द्यायचं. तर्क सरळ होता. जगभर कित्येक वर्षं असंच चाललं होतं. पेशंट शुद्धीवर येऊन घरी गेला की श्रेय औषधाला, आणि गेला तर 'मारच जबर होता'. मग २००४ साली 'क्रॅश' नावाच्या चाचणीचा निकाल 'लॅन्सेट'मध्ये आला. कोणाला स्टिरॉइड द्यायचं आणि कोणाला प्लासिबो, म्हणजे औषधासारखं दिसणारं पण औषध नसलेलं, हे तिच्यात चिठ्ठी टाकून ठरत होतं. वीस हजार पेशंट घ्यायचे ठरले होते, पण १०,००८ झाल्यावर ती थांबवावी लागली. पहिल्या दोन आठवड्यांत स्टिरॉइड मिळालेल्यांपैकी २१.१ टक्के दगावले होते, प्लासिबो मिळालेल्यांपैकी १७.९ टक्के.

शंभरात तीन. हा आकडा मी बरेच दिवस मनात घोळवला. समजा, एखादा सर्जन वर्षाला असे शंभर पेशंट बघतो. एका वर्षी अठरा जातात, पुढच्या वर्षी एकवीस. पाऊस जास्त झाला, घाटात बस कोसळली, सीटी स्कॅन आठवडाभर बंद होतं. तीन मृत्यूंना शंभर कारणं सापडतात. त्यात पुन्हा हा सर्जन सगळ्यांनाच स्टिरॉइड देतो, म्हणजे तुलनेला माणूसच नाही. चाळीस वर्षं डोळ्यांत तेल घालून बघितलं तरी आपण दिलेल्या औषधानं पेशंट मरताहेत हे त्याला दिसणार नाही. डोळे चांगले असून उपयोग नाही, कारण दिसण्यासारखं तिथे काही नसतंच. हाताच्या गुणावरचा माझा विश्वास या हिशेबानं गेला.

तरी मनात एक 'पण' होताच. तुलना करायची तर करा, पण चिठ्ठी कशाला? कोणाला द्यायचं ते आम्ही ठरवू. याचं उत्तर मला पुस्तकात शोधावं लागलं नाही, स्वतःकडे नीट बघितल्यावर मिळालं. वॉर्डात नवं महाग औषध मोजकंच असलं की मी ते कोणाला द्यायचो? जो तरुण आहे, ज्याचा बीपी अजून तग धरून आहे, ज्याची मला आशा वाटते त्याला. मग तो वाचणारच. औषध नसतं तरी वाचला असता. आमची दयाबुद्धीच हिशेब बिघडवते. चिठ्ठीला दयामाया नसते, हाच माझा तिच्यावरचा जुना आक्षेप होता. आज तोच तिचा गुण वाटतो.

त्यानंतर जुने पेपर काढून पुन्हा वाचले. १९९४ साली ह्यूस्टनच्या डॉक्टरांनी छाती-पोटात गोळी किंवा सुरा लागलेल्या, बीपी घसरलेल्या ५९८ पेशंटवर अभ्यास केला होता. एक दिवस आलेल्यांना वाटेतच सलाइन, पुढच्या दिवशी आलेल्यांना ऑपरेशन थिएटर गाठेपर्यंत नाही. लगेच सलाइन मिळालेल्यांपैकी ६२ टक्के वाचले, थांबवलेल्यांपैकी ७० टक्के. रक्तस्राव थांबवण्याआधीच बीपी चढवला की जमलेली गुठळी निसटते आणि उरलेलं रक्त पातळ होतं. हा पेपर मी 'तिकडे गोळ्या लागतात, आपल्याकडे ट्रक' असं म्हणून बाजूला ठेवला होता. आक्षेप अगदीच चुकीचा नव्हता, पण तो घेऊन मी दोन्ही हातांना सलाइन लावतच राहिलो होतो.

पुढे आमचा विभागही एका चाचणीत सामील झाला. कॅज्युअल्टीत हायवेवरून आणलेला एक पेशंट होता, सोबत बायकोचा भाऊ. मी त्याला सांगितलं, "या औषधाचा उपयोग होतो की नाही हे आम्हालाच अजून माहीत नाही. तुमच्या माणसाला औषध मिळेल किंवा नुसतं सलाइन. बाकी रक्त, ऑपरेशन सगळं होणारच."

"तुम्हालाच माहीत नाही?"

"नाही."

"साहेब, तुमच्या सख्ख्या भावाला काय दिलं असतं?"

"चिठ्ठीच टाकली असती."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आमच्या दाजींवर नको." मी फॉर्म ट्रॉलीवर ठेवला आणि त्याच्या दाजींना ओटीत घेतलं. त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. ज्या डॉक्टरनं सगळं ठाऊक असल्यासारखं वागावं अशी रीत आम्हीच पाडली, त्याच्या तोंडून 'माहीत नाही' हे ऐकायला अपघाताची रात्र फार वाईट वेळ असते.

चिठ्ठीनं फक्त औषधं खाली उतरवली असं नाही. ट्रॅनेक्झामिक ॲसिड हे जपानच्या उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी शोधलेलं, १९६०च्या दशकातलं स्वस्त औषध. पाळीच्या अतिरक्तस्रावासाठी ते वापरलं जाई. २०१० च्या 'क्रॅश-२' चाचणीत ४० देशांतल्या २७४ रुग्णालयांमध्ये २०,२११ जखमींवर ते तपासलं. मृत्यू १६ टक्क्यांवरून १४.५ टक्क्यांवर आले. पुढच्या विश्लेषणात दिसलं की तीन तासांच्या आत दिलं तरच फायदा. उशिरा दिल्यास रक्तस्रावानं होणारे मृत्यू उलट वाढतात. आता आम्ही ते पेशंट दारात आल्याआल्या देतो.

मग मी या औषधाच्या प्रेमात पडलो. रक्ताची उलटी घेऊन आलेल्यालाही हेच द्यावं, यात मला शंका नव्हती. २०२० साली १२,००९ पेशंटच्या 'हॉल्ट-इट' चाचणीनं सांगितलं की जठर-आतड्यांच्या रक्तस्रावात त्यानं मृत्यू कमी होत नाहीत, शिरांत गुठळ्या मात्र वाढतात. औषध तेच, रक्तही तेच, आणि माझा तर्क तसाच सरळ.

सगळ्याच गोष्टींना चिठ्ठी लागत नाही. फुटलेली धमनी दाबून धरायची की नाही, याची चाचणी घ्यायला मी जाणार नाही. पण जिथे दोन जाणते डॉक्टर दोन वेगळी उत्तरं देतात, तिथे चिठ्ठी न टाकता आपापल्या समजुतीनं औषध देत राहणं हाही प्रयोगच आहे. फरक इतकाच, की त्यात कोणी संमती विचारत नाही आणि निकाल कुठे लिहून ठेवला जात नाही.

एखाद्या रात्री तुमच्या माणसासाठी असा फॉर्म समोर आला, तर 'आमच्यावर प्रयोग करताय का' असं म्हणून लगेच उठू नका. एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का, चाचणीत नसताना कोणता उपचार मिळाला असता, काही अपाय झाला तर जबाबदारी कोणाची, हे विचारा. मधूनच बाहेर पडता येतं. आणि नाही म्हणालात तरी उपचार थांबत नाहीत. तो तुमचा हक्क आहे.