एका घटकेचा दिवस

खेळात वेळेची एककं बदलून देणारं फंक्शन जेमतेम आठ-दहा ओळींचं असतं. पण खेळातली पहाट, बाजार भरणं, पिकाची वाढ, पात्रांची ये-जा, सगळं त्याच्या भरवशावर चालतं. म्हणून मी ते सगळ्यात आधी लिहितो.

सध्या लोणारच्या विवराभोवती घडणारा एक छोटा खेळ रचतो आहे. त्यातल्या आजीकडे घड्याळ नाही. "दोन घटका थांब, मग झऱ्याच्या धारेवर जा," असं ती खेळणाऱ्याला सांगते. तेव्हा फंक्शनला घटका-पळं कळायलाच हवीत. दिवसाच्या ६० घटका, घटकेची ६० पळं, पळाची ६० विपळं. घटका २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचं, विपळ ०.४ सेकंदाचं. मी वापरतो त्या गोडॉट इंजिनात भौतिकीचे हिशेब, सेटिंग बदललं नाही तर, सेकंदाला ६० वेळा होतात. त्या ठोक्यांत मोजलं तर एक विपळ म्हणजे बरोबर २४ ठोके. २४ ठोके, २४ सेकंद, २४ मिनिटं, २४ तास. दर पायरीला ६० पट. ही शिडी कागदावर उतरली तेव्हा फार आनंद झाला.

खेळातला दिवस किती लांब असावा, हेही या शिडीनंच ठरवलं. माइनक्राफ्टमधला दिवस २० मिनिटांचा, जीटीए ५ मधला ४८ मिनिटांचा, म्हणजे दोन घटकांचा. मी एका घटकेचा घेतला. मग खेळातली घटका खऱ्या पळाएवढी होते आणि खेळातलं पळ खऱ्या विपळाएवढं, म्हणजे २४ ठोक्यांचं. आजीच्या दोन घटका ४८ सेकंदांत सरतात. तेवढा धीर खेळणाऱ्याला असतो.

साठवायचे ते फक्त ठोके, तेही पूर्णांकात. घटका-पळं दाखवायची वेळ आली की तेव्हाच भागाकार करायचा. दशांशातले सेकंद एकात एक मिळवत बसणं मला मुळीच मान्य नाही. पण नुसतं पूर्णांकात मोजूनही भागत नाही, हे फेब्रुवारी १९९१ मध्ये सौदी अरेबियातल्या धाहरानला पॅट्रियट या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेच्या बाबतीत दिसलं. तिचं घड्याळ सेकंदाचे दशांश पूर्णांकात बरोबर मोजत होतं. पण त्यांचे सेकंद करताना ०.१ ने गुणलं जाई, आणि ०.१ ही संख्या २४ बिटांत पूर्ण मावत नाही. सुमारे १०० तास यंत्रणा सलग चालू राहिल्यावर फरक सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत गेला. येणारं स्कड क्षेपणास्त्र अडवलं गेलं नाही आणि २८ अमेरिकी सैनिक मेले. मोजणी चोख होती, घात रूपांतरानं केला. नव्यानं शिकणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो.

लोणारपुरता आणखी एक हिशेब करावा लागला. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ पूर्व रेखांशाची, लोणार ७६.५ च्या आसपास. सहा अंशांचा फरक, अंशाला चार मिनिटं, म्हणजे २४ मिनिटं. लोणारचा सूर्य प्रमाणवेळेच्या सरासरी एक घटका मागे चालतो. वर्षभरात हा फरक काही मिनिटं कमी-जास्त होतो, पण खेळात मी सरासरीच धरली. दैत्यसूदन मंदिराच्या सावल्या दुपारी बारालाच सर्वांत आखूड झालेल्या मला नको होत्या. त्या बारा चोवीसला होतात.

राहता राहिली पहाट. पंचांगाच्या घटका सूर्योदयापासून मोजतात. सूर्योदय सहाचा धरला तर पहाटे पाचला वजाबाकी उणे अडीच घटका देते. गोडॉटच्या भाषेत साध्या बाकीच्या चिन्हानं ती उणेच राहते आणि आजी उणे घटका सांगू लागते. त्यासाठी नेहमी धन बाकी देणारं वेगळं फंक्शन तिथं आहे, पॉसमॉड. ते वापरलं की उत्तर येतं आदल्या दिवसाच्या ५७ घटका आणि ३० पळं. फंक्शनमध्ये दुसरं काहीही बदललं की मी आधी हीच पहाट तपासतो, मग दुपार.