कृष्णाकाठची दोन गावे

अजिंक्यताऱ्यावरून खाली पाहिले म्हणजे उतरणीवर पेठापेठांनी वसलेले सातारा शहर नजरेत भरते. यंदा आम्ही तेथे गेलो ते मात्र किल्ल्यासाठी नव्हे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१७ साली ज्या गावी येऊन राहिले, ते गाव पाहावे एवढाच हेतु होता.

आमच्या घरी वडील माणसे टिळकांच्या फुलामुलांच्या कविता आम्हां पोरांकडून पाठ करून घेत, आणि त्याच तोंडाने ‘पोटासाठी बाटला’ असेही म्हणत. या दोन गोष्टींचा मेळ त्या वयात आम्हांस कधी बसला नाही.

टिळक करजगावचे चित्पावन. राजनांदगावच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांस ‘नवा करार’ दिला, आणि १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई मागे राहिल्या. नवरा जिवंत असून नसल्यासारखा, अशा स्थितीत त्या माउलीने काढलेली वर्षे कोणत्याही एकत्र कुटुंबातील स्त्रीस निराळी समजावून सांगावयास नकोत. पुढे त्या परतल्या व १९०० साली त्यांनीही दीक्षा घेतली. एकाच्या श्रद्धेची किंमत दुसऱ्याने किती भरावी, हा प्रश्न आमच्या मनातून अद्याप गेलेला नाही.

पण पोटाचे काय? उत्तर साताऱ्यास मिळते. मिशनचा पगार चालू असता टिळकांनी १९१७ मध्ये तो आपण होऊन सोडला, संन्यस्त वृत्ति पत्करली आणि ‘देवाचा दरबार’ उभारिला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते सांगत. १९१९ च्या मे महिन्यात ते वारले. दरबार जेमतेम दोन वर्षांचा. पोटासाठी गेलेला माणूस पगार कसा सोडील, हे वडिलांना विचारावयास आता ते राहिले नाहीत.

माहुलीस कृष्णा-वेण्णेचा संगम पाहून आम्ही गाडीत बसलो. कऱ्हाड, किर्लोस्करवाडी मागे टाकून तीच कृष्णा सांगलीस पुन्हा भेटली. घाटावरील गणपतीचे दर्शन झाल्यावर मिरजेच्या रस्त्यास लागलो. वाटेत वानलेसवाडी लागते. हे नाव डॉक्टर विल्यम वानलेस यांचे. ते १८८९ साली इकडे आले. १८९४ त मिरजेस त्यांचे रुग्णालय उघडले, आणि पुढे सुमारे तीन तपे त्यांनी येथेच शस्त्रक्रिया केल्या. रुग्णालयात प्रार्थना व उपदेश होत, ही गोष्ट कोणी लपविली नाही. आपल्या लोकांस ती खुपेही. तरी आजारी माणूस बैलगाडीत घालून लोक मिरजेसच आणीत.

आमच्याबरोबर आत्याबाई होत्या. सोवळ्याच्या कडक. पाटी वाचून त्या म्हणाल्या, “माझ्या सासऱ्यांचा मुतखडा इथंच काढला होता हो. घरी आल्यावर त्यांनी आंघोळ केली, आणि देवापुढं त्या डॉक्टराच्या नावानंही एक नारळ ठेवला.”

गाडी पुढे निघाली तरी त्या बराच वेळ मागे वळून पाहात होत्या.