बॉक्स्टी: कच्चा बटाटा, उकडलेला बटाटा

आयर्लंडमध्ये बटाट्याचे तव्यावरचे प्रकार अनेक आहेत. त्यांतली बॉक्स्टी वेगळी पडते, कारण तिच्यात बटाटा दोन रूपांत जातो: निम्मा कच्चा किसून आणि निम्मा उकडून कुस्करून. अल्स्टरकडची फॅज ही पोळी निव्वळ उकडलेल्या बटाट्याची, मऊ आणि जरा मिळमिळीत. बॉक्स्टी ही लीट्रिम, कॅव्हन, फर्मॅना, स्लायगो, मेयो या पट्ट्यातली. तिथल्या ओल्या, जड जमिनीत बटाटा येई, गहू बेताचाच. त्यामुळे पीठ इथे मुख्य नाही, लागेल तेवढेच घालायचे.

कच्च्या किसातले पिष्टाचे कण अखंड असतात. साधारण 60 ते 70 अंश सेल्सिअसला ते पाणी पिऊन फुगतात, आणि हे तव्यावरच घडते. त्यातून बॉक्स्टीला चावा येतो. उकडलेल्या बटाट्यातले कण आधीच फुगून चिकट झालेले असतात. ते बाकी सगळ्याला धरून ठेवतात, म्हणून अंडे लागत नाही. अलीकडच्या पाककृतींत ते सर्रास असते, पण त्याने बटाट्याची चव मागे पडते.

बटाटा पिठूळ हवा: केर्स पिंक, गोल्डन वंडर किंवा रूस्टर. चिकट जातीचा, कोवळा बटाटा इथे उपयोगाचा नाही. मुख्य पीक शरद ऋतूत घरात येते आणि 31 ऑक्टोबरच्या हॅलोवीनला बॉक्स्टी करण्याची चाल आहे, हे दोन्ही एकमेकांना धरूनच.

उकडलेला बटाटा कुस्करून तयार झाला की मगच कच्चा किसायला घ्यावा. किसलेला बटाटा हवेने काळा पडतो आणि वाट पाहत नाही. पूर्वी पत्र्याच्या डब्याला खिळ्याने भोके पाडून खरखरीत बाजूवर बटाटा घासत. बोटांची साले निघणे ठरलेलेच. कीस बारीक हवा, लांब लच्छे नकोत. तो फडक्यात घालून भांड्यावर घट्ट पिळायचा. पिळलेले पाणी ओतून द्यायचे नाही. थोड्या वेळाने तळाशी पांढरे सत्त्व बसते. वरचे तांबूस पाणी अलगद काढून हे सत्त्व परत किसात मिसळायचे. बटाट्यात सुमारे 80 टक्के पाणीच असते. ते राहिले तर बॉक्स्टी आतून चिखलासारखी होते, आणि सत्त्व गेले तर ती कुरकुरीत होत नाही. साऱ्या कृतीत कौशल्य म्हणावे ते एवढेच.

याच कृतीची एक करुण सरकारी आवृत्ती 1845 साली निघाली. बटाट्यावर करपा आला तेव्हा ब्रिटनचे पंतप्रधान पील यांच्या सरकारने नेमलेल्या लिंडली, प्लेफेअर आणि केन या शास्त्रज्ञांनी लोकांना सल्ला दिला: रोगट बटाटे किसा, कापडातून पाण्यात धुवा, सत्त्व खाली बसू द्या, ते पिठात मिसळून भाकरी करा. किसणी, कापड, भांडे, सगळे तेच. पण बटाट्याचा काळा लगदा होत होता. किसायला धड काही उरतच नव्हते. पुढच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे गेली.

आता प्रमाण. पाव किलो कच्चा बटाटा, पाव किलो कुस्करलेला, सव्वाशे ग्रॅम मैदा, अर्धा चमचा खाण्याचा सोडा, मीठ, आणि लागेल तसे ताक. हे ताक लोणी काढून उरलेले, पाणी न घातलेले असावे. त्यातल्या आंबटपणाने सोडा फुलतो आणि कीसही कमी काळवंडतो. पीठ धिरड्याच्या पिठापेक्षा घट्ट, चमच्यातून ढपकन पडेल असे. सोडा घातल्यावर ते ठेवून देऊ नये.

जाड तवा तापवून त्यावर लोणी किंवा बेकनची चरबी सोडावी, पीठ बोटभर जाडीचे पसरावे आणि आच मध्यमाहून कमी करावी. प्रत्येक बाजूला चार-पाच मिनिटे. घाई केली की वरून तांबूस आणि आत कच्चे, करकरीत राहते. कच्चा कीस शिजायला वेळ घेतोच. खायची गरम, वर लोणी लावून. काही घरांत साखरही भुरभुरतात.

बॉक्स्टीचे आणखी दोन प्रकार आहेत. घट्ट मळून गोळे उकडतात ती उकडलेली, आणि साच्यात घालून भट्टीत भाजतात ती पावासारखी. दोन्ही गार करून दुसऱ्या दिवशी कापायच्या आणि काप लोण्यात परतायचे. डब्लिनच्या उपाहारगृहांत मात्र तव्यावरची बॉक्स्टी पातळ पसरून तिच्यात मांस किंवा मासा गुंडाळतात. ती दिसते छान, पण सारणापुढे बटाट्याला फारसे काम उरत नाही.