पंच नसलेला खेळ

गोल्फ म्हटलं की आमच्या कँटीनमध्ये दोनच प्रतिक्रिया येतात. एक, "तो काय खेळ आहे? बॉल मारायचा आणि त्याच्या मागे चालत जायचं!" आणि दुसरी, "टायगर वूड्स!" त्यापुढे गाडी सरकत नाही. क्रिकेटवर दोन-दोन तास भांडणारी आपली पब्लिक इथे एकदम गप्प. त्यात नवल काही नाही म्हणा. जो खेळ भिंतीच्या आत चालतो, तो आपल्याला दिसणार कुठून?

मला तो दिसला, पण बॅगेच्या बाजूने. माझे वडील (आम्ही त्यांना आप्पा म्हणतो) पुण्यातल्या एका गोल्फ कोर्सवर गेली बावीस वर्षं कॅडी आहेत. कॅडी म्हणजे खेळणाऱ्याची बॅग उचलणारा. नियमाने त्या बॅगेत जास्तीत जास्त १४ काठ्या चालतात. ती खांद्यावर घेऊन १८ होल म्हणजे सात-आठ किलोमीटर चालायचं, चेंडू शोधायचा, अंतर सांगायचं, योग्य काठी हातात द्यायची. आणि मुख्य म्हणजे, गरज नसताना बोलायचं नाही.

आप्पा म्हणतात, हौशी गोल्फरला तीन प्रश्न विचारावेत. चेंडू किती लांब मारता? स्कोअर किती होतो? आणि नियम किती माहीत आहेत? तिन्ही प्रश्नांची खरी उत्तरं देणारा माणूस भेटला तर त्याची बॅग फुकट उचलायला हरकत नाही! बावीस वर्षांत त्यांनी फुकट बॅग फारशी उचललेली नाही, एवढं सांगितलं तरी पुरे.

आता पहिला प्रश्न. कुठल्याही साहेबांना विचारा, ड्रायव्हरने किती मारता? (ड्रायव्हर म्हणजे बॅगेतली सगळ्यात लांब काठी, गाडीवाला नव्हे.) उत्तर ठरलेलं, "अडीचशे यार्ड तर आरामात." आता खरा हिशोब बघा. गोल्फचे नियम ठरवणाऱ्या संस्थांनी १९९६ पासून ब्रिटनमधल्या साध्या क्लबांवर हौशी पुरुषांचे फटके प्रत्यक्ष मोजले. तेव्हा सरासरी निघाली सुमारे २०० यार्ड. २०१९ मध्ये, म्हणजे टायटॅनियमच्या काठ्या आणि सुधारलेले चेंडू हातात येऊनही, ती पोहोचली २१६ च्या आसपास. मीटरमध्ये १९७. त्यातही पक्के खेळाडू २४० च्या जवळ आणि अगदी कच्चे १८० च्या. टीव्हीवर दिसणारे व्यावसायिक मात्र सरासरी ३०० च्या घरात!

हा फरक येतो कुठून, ते पहिल्या वर्षाचं फिजिक्स सांगतं. साधारण हौशी पुरुषाच्या काठीचं डोकं चेंडूवर आदळतं ते ताशी १५० किलोमीटरच्या वेगाने, व्यावसायिकाचं १८० च्या वर. वेगातला फरक वीस-बावीस टक्क्यांचा, पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ऊर्जा जवळजवळ दीडपट. त्यात चेंडू काठीच्या बरोबर मधोमध बसला नाही तर आहे ती ऊर्जाही वाया. हौशी माणसाचा चेंडू मधोमध बसतो किती वेळा, हे आप्पांना विचारू नका.

मग साहेब खोटं बोलतात का? तर नाही. मला वाटतं ते सरासरी सांगतच नाहीत, कमाल सांगतात. मे महिन्यात जमीन टणक, उतार खाली, वारा पाठीमागून, असा एकदाच बसलेला फटका माणूस जन्मभर लक्षात ठेवतो. जुलैमध्ये चिखलात जिथल्या तिथे रुतलेले पन्नास फटके विसरतो. आपणही तेच करतो की! "तुझं अ‍ॅग्रिगेट किती?" असं विचारल्यावर किती जण सगळ्यात चांगल्या सेमचा आकडा सांगतात, ते मोजून बघा.

ह्यात कॅडीची पंचाईत होते. साहेब दीडशे यार्डावर उभे असतात आणि आठ नंबरची काठी मागतात. आप्पांना माहीत असतं की हे आठ नंबरने १३० च्या पुढे कधी गेलेले नाहीत. पण तसं तोंडावर सांगायचं कसं? मग आप्पा आभाळाकडे बघतात, चिमूटभर गवत उपटून हवेत सोडतात आणि म्हणतात, "साहेब, आज हवा समोरून आहे. सहा नंबर घ्या." पान हलत नसतं! पण साहेब सहा नंबर घेतात, चेंडू हिरवळीवर जाऊन पडतो आणि सगळे खूश. आमच्या घरात ह्याला 'आप्पांची हवा' म्हणतात.

दुसरा प्रश्न स्कोअरचा. एक होल किती फटक्यांत पुरा व्हावा ह्याचा जो अपेक्षित आकडा, त्याला पार म्हणतात. १८ होलचा पार बहुतेक ठिकाणी ७२ असतो. ७२ फटक्यांत खेळणारा हौशी माणूस विरळा. म्हणून हँडिकॅप असतं, म्हणजे तुमच्या कुवतीप्रमाणे मिळणारी फटक्यांची सूट. अमेरिकेत हँडिकॅप नोंदवणाऱ्या पुरुषांची सरासरी १४ च्या आसपास आहे, आणि हे झाले नियमित खेळून नोंद ठेवणारे. अधूनमधून येणाऱ्यांची तर गोष्टच सोडा.

हँडिकॅप काढायची रीत इंजिनिअरला आवडेल अशी आहे. २०२० पासून जगभर एकच पद्धत आली. तुमच्या शेवटच्या २० खेळींपैकी उत्तम ८ घ्यायच्या, कोर्स किती अवघड त्याप्रमाणे त्या दुरुस्त करायच्या आणि त्यांची सरासरी काढायची. लक्षात आलं का? ही आपली नेहमीची सरासरी नाही. आपण जमून आलेल्या दिवशी काय करू शकतो, त्याचं हे माप आहे. त्यामुळे रोजचा स्कोअर हँडिकॅपपेक्षा दोन-चार फटके जास्तच येतो. हे माहीत नसलं की माणूस दर रविवारी "आज काय झालं कळत नाही" म्हणत घरी जातो. झालेलं काहीच नसतं. तो त्याचा नेहमीचा रविवार असतो.

पण हे गणित उभं आहे एकाच पायावर, ते म्हणजे माणूस खरे फटके लिहितो ह्या विश्वासावर. इथे क्रिकेटसारखा पंच नाही. रविवारच्या खेळात आपला स्कोअर आपणच मोजायचा. काठी फिरवली आणि चेंडूला लागलीच नाही, तरी तो फटका मोजायचा. झाडीत तीनदा मारूनही चेंडू बाहेर आला नाही, तर तिन्ही मोजायचे. आता झाडीत बघणारं कोण असतं? तुम्ही, चेंडू आणि कॅडी. चेंडू बोलत नाही. कॅडीने बोलायचं नसतं.

तिसरा प्रश्न नियमांचा, आणि इथे मला सगळ्यात जास्त गंमत वाटते. २०१९ मध्ये गोल्फचे नियम सोपे करण्यात आले. ३४ होते ते २४ झाले. चेंडू शोधायला पाचाऐवजी तीन मिनिटं आली. चेंडू उचलून टाकायचा तर खांद्याच्या उंचीवरून टाकत, तो गुडघ्याच्या उंचीवरून टाकायचा असं ठरलं. तरीही कित्येक जण अजून ऐकीव नियमांवरच खेळतात. पहिला फटका वाईट गेला की "तो धरू नका" म्हणून दुसरा मारायचा, अशी सोय नियमांत कुठेच नाही. होलजवळ आलेला चेंडू "झालाच समजा" म्हणून उचलायचा, हे समोरासमोरच्या सामन्यात प्रतिस्पर्ध्याने मान्य केलं तरच चालतं. जिथे एकूण फटके मोजतात तिथे चेंडू होलमध्ये पडलाच पाहिजे. स्पर्धेत शेजारच्याला "तुम्ही आत्ता कुठली काठी मारलीत?" एवढं विचारलं तरी दोन फटक्यांचा दंड आहे. हे ऐकून मी हसलो होतो, पण नियम खराच आहे. सल्ला घ्यायचा तो आपल्या कॅडीचा किंवा जोडीदाराचा.

पण मित्रांनो, नियम न कळण्याचा तोटा नेहमी दुसऱ्याला होतो असं नाही. पावसाळ्यात डबक्यात पाय बुडवून चेंडू मारणारे साहेब आप्पांनी पाहिलेत. तात्पुरतं साचलेलं पाणी असेल तर दंडाशिवाय बाजूला घेता येतं. चेंडू स्वतःच्याच आदळण्याने मऊ जमिनीत रुतला, तरी बहुतेक ठिकाणी तीच सवलत. मारायच्या आधी चेंडू टीवरून नुसता घरंगळला, तर तो फटका धरतच नाहीत. पुन्हा ठेवायचा आणि मारायचा. नियमांचं पुस्तक म्हणजे नुसता दंडांचा कायदा नाही, त्यात आपले हक्कही लिहिलेले असतात. सिलॅबसची प्रत न वाचता ऑप्शनला टाकायची प्रश्नं सोडवत बसणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं!

आता एक घरची गोष्ट सांगतो. मी डिप्लोमाला होतो. क्लबची महिन्याची स्पर्धा होती. आप्पा ज्या साहेबांची बॅग सहा वर्षं उचलत होते, त्यांचा चेंडू दाट गवतात गेला. काठी मागे टेकवताना गवत दबलं आणि चेंडू अर्धा वळसा घेऊन खाली बसला. नियम साधा आहे. आपल्यामुळे चेंडू हलला तर एक फटका दंड आणि चेंडू पुन्हा जागेवर. साहेबांचं कार्ड लिहिणारे दुसरे गृहस्थ वीस पावलांवर होते. त्यांनी विचारलं, "हलला का?" साहेब म्हणाले, "नाही, नाही." मग त्या गृहस्थांनी आप्पांकडे पाहिलं.

आप्पा म्हणाले, "हलला साहेब. अर्धा वळसा."

एका फटक्याचा प्रश्न होता. बक्षीस तर साहेबांना तसंही मिळणार नव्हतं. पण पुढच्या रविवारी ती बॅग दुसऱ्या कॅडीच्या खांद्यावर होती. बांधील बॅग गेली म्हणजे महिन्याची खात्रीची कमाई गेली. मग पहाटे पाचला जाऊन नंबर लावायचा आणि मिळेल ती बॅग उचलायची. त्या टर्मची माझी फी मामांनी भरली. आई आठ दिवस काही बोलली नाही. मग एका रात्री म्हणाली, "नाही हलला म्हणाला असतात तर काय आभाळ कोसळणार होतं?" आप्पा ताटातून मान वर न करता म्हणाले, "हलला होता गं."

मला तेव्हा रागच आला होता. साहेबांचा आला, आणि खरं सांगायचं तर आप्पांचाही. पुष्कळ दिवसांनी मी त्यांना विचारलं, "तुम्ही हवेचं खोटं रोज सांगता, मग तेव्हा एकदा चेंडूचं सांगितलं असतं तर?" आप्पा म्हणाले, "हवेचं खोटं बोललो तर साहेबाचा चेंडू हिरवळीवर जातो, कुणाचं काही जात नाही. चेंडूचं खोटं बोललो तर बाकीचे सगळे उन्हात मोजून खेळलेत, त्यांचं जातं."

पुढे मला बॉबी जोन्सची गोष्ट वाचायला मिळाली. जन्मभर हौशी म्हणूनच खेळलेला आणि १९३० मध्ये एकाच वर्षात त्या काळच्या चारही मोठ्या स्पर्धा जिंकलेला हा माणूस. त्याने १९२२ मध्ये जॉर्जिया टेकमधून पदवी घेतली ती मेकॅनिकल इंजिनिअरिंगची, म्हणजे आपलाच की! १९२५ च्या यू.एस. ओपनमध्ये फटक्याच्या तयारीत असताना त्याचा चेंडू किंचित हलला. दुसऱ्या कुणी पाहिलं नव्हतं. त्याने स्वतःहून एक फटका दंड घेतला. शेवटी विली मॅकफार्लेनशी बरोबरी झाली आणि जोडसामन्यात जोन्स एका फटक्याने हरला. लोक कौतुक करायला लागले तेव्हा तो चिडला म्हणे. बँक लुटली नाही म्हणून कुणी माणसाचं कौतुक करतं का, असं त्याचं म्हणणं.

मी ही गोष्ट आप्पांना वाचून दाखवली. त्यांनी एवढंच विचारलं, "त्याचा कॅडी कोण होता?"

गेल्या सेममध्ये हीट ट्रान्सफरच्या लॅबमध्ये आमच्या ग्रुपकडे तांब्याच्या दांड्याचा प्रयोग होता. पुस्तकात उष्णतावाहकता ३८५ च्या आसपास, आमची आली ३१०. दांडा स्थिर तापमानाला यायला वेळ लागतो आणि प्रॅक्टिकल असतं दोन तासांचं. मागच्या वर्षीची जर्नल समोरच पडली होती, त्यातला आकडा सुंदर होता. ग्रुपमध्ये बरीच वादावादी झाली. शेवटी आम्ही ३१० च लिहिलं आणि खाली कारण लिहिलं. दोन मार्क कापले गेले.

रात्री जेवताना आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "दोनच ना? मग नेहमीचीच पेनल्टी आहे. पुढचा होल खेळ."

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी